थंडरबर्ड: मेल येतात, पण जात नाहीत (मदत हवी आहे)

कोपरीकर:
मंडळी, वागळे इस्टेटच्या ऑफिसात विंडोज १० वर थंडरबर्ड (ईमेलचा प्रोग्रॅम) आहे. ईमेल स्वतःच्या डोमेनवर, शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांची डोमेन). आयमॅप (येणारे मेल) पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शन). येणारे मेल व्यवस्थित. आउटगोइंगला पोर्ट ४६५, स्टार्टटीएलएस. सेंड दाबलं की मिनिटभर पट्टी सरकत राहते, मग टाइम आउट. वेबमेलवर तोच पासवर्ड चालतो. तुर्भ्याच्या गोदामातल्या लॅपटॉपला पोर्ट २५ आहे, तिथेही तीच रड.

खाडीपलीकडे:
४६५ आणि स्टार्टटीएलएस ही जोडीच चुकलीय. ४६५ वर सर्व्हर पहिल्या बाइटपासून टीएलएसची वाट बघतो, आणि स्टार्टटीएलएसवाला क्लायंट (आधी साधं कनेक्शन, मग टीएलएस) सर्व्हरच्या '२२०' ची, म्हणजे 'तयार आहे' या निरोपाची. दोघंही 'पहले आप' करत बसतात, म्हणून एरर नाही, नुसता टाइम आउट. उलटी चूक, म्हणजे ५८७ वर एसएसएल/टीएलएस, केली असती तर कनेक्शन लगेच तुटलं असतं.

अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडच्या यादीत अगदी तळाला 'आउटगोइंग सर्व्हर' आहे (लोक इनकमिंगच्या पानावर शोधत बसतात). तिथे एडिट करून ४६५ ला एसएसएल/टीएलएस, किंवा ५८७ ला स्टार्टटीएलएस. ऑथेंटिकेशन 'नॉर्मल पासवर्ड', युजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता.

२५ चा नाद सोडा. ते सर्व्हर-सर्व्हरमधलं पोर्ट. स्पॅममुळे बरेच इंटरनेटवाले बाहेर जाणारं २५ बंदच ठेवतात.

कोपरीकर:
४६५ बदललं. आता सर्टिफिकेटचं (सर्व्हरच्या ओळखपत्राचं) नाव जुळत नाही म्हणतोय, त्यात होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरचं नाव दिसतंय. एक्सेप्शन (इशारा असूनही चालवून घेण्याची परवानगी) देऊन टाकू का?

सेक्टर१७:
नको! एक्सेप्शन दिलं की ते सर्टिफिकेट खरं की खोटं हे तपासणंच संपलं. आधी व्ह्यू सर्टिफिकेटमध्ये 'इश्युअर' (ते कुणी दिलंय) बघा. तिथे अँटीव्हायरसचं नाव असेल तर त्याचं मेल स्कॅनिंग मध्ये बसलंय, ते बंद करा. नसेल, तर सर्टिफिकेटवरचं नाव होस्टिंग पॅनलमधल्या सर्व्हरच्या नावाशी ताडून बघा. जुळलं तर इनकमिंग-आउटगोइंग दोन्हीकडे 'मेल डॉट तुमचं-डोमेन' काढून तेच टाका. तारखेवरून तक्रार आली तर पीसीचं घड्याळ बघा, बोर्डवरचा सेल गेला की तारीख मागे जाते.

कोपरीकर:
इश्युअर ठीक होता, नाव पॅनलशी जुळलं. ऑफिसचा मेल गेला. पण आयमॅपवर इशारा आलाच नव्हता, तो कसा?

सेक्टर१७:
कुणीतरी आधीच एक्सेप्शन देऊन ठेवलंय. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मॅनेज सर्टिफिकेट्स, 'सर्व्हर्स' टॅब. तिथून उडवा.

कोपरीकर:
होतं, ९९३ चं. उडवलं. तुर्भ्याला ५८७ करून मेल गेला.