तिसरा डाव अपुरा राहिला: प्रतिस्पर्धी संथ खेळत असेल तर जजला नेमके केव्हा बोलवावे?

प्रश्न

नमस्कार. गेल्या रविवारी मी पुण्यात मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या एका पात्रता स्पर्धेत खेळलो. स्पर्धा स्पर्धात्मक पातळीच्या नियमांनी होणार असल्याचे आयोजकांनी आधीच जाहीर केले होते. पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीला 50 मिनिटे, आणि तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी, अशी नेहमीचीच रचना होती. तिसऱ्या फेरीत माझी गाठ आमच्याच गटातील एका ज्येष्ठ खेळाडूशी पडली. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो आणि मला डेक (खेळाडूने स्वतः निवडलेला पत्त्यांचा गठ्ठा) बांधायला त्यांनीच शिकवले आहे, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते लिहिताना मला फार अवघडल्यासारखे होत आहे.

पहिला डाव त्यांनी जिंकला आणि त्याला 28 मिनिटे लागली. दुसरा मी जिंकला. तिसरा डाव सुरू झाला तेव्हा घड्याळात जेमतेम आठ मिनिटे उरली होती. दादांचा डेक कंट्रोलचा होता, म्हणजे समोरच्याचे प्रत्येक पान अडवत डाव लांबवणारा, आणि अशा डेकला विचार करावा लागतो हे मला मान्य आहे. परंतु तिसऱ्या डावात ते प्रत्येक पाळीला माझे ग्रेव्हयार्ड, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांचा गठ्ठा, उचलत, त्यातील अकरा पत्ते मॅटवर एकाशेजारी एक मांडत, प्रत्येक पत्ता पुन्हा वाचत आणि गठ्ठा नीट करून परत ठेवत. मधल्या काळात त्या गठ्ठ्यात एकाही पत्त्याची भर पडलेली नव्हती. हातात दोनच पत्ते असतानाही ते दोन पत्ते एकमेकांच्या मागेपुढे करत ते बराच वेळ बसून राहत आणि शेवटी एक लँड (इतर पत्ते खेळायला लागणारी शक्ती देणारा पत्ता) ठेवून पाळी सोडत. वेळ संपली, जादा पाळ्याही संपल्या, तेव्हा त्यांचे 3 जीवनगुण (ते शून्य झाले की डाव हरतो) शिल्लक होते आणि हल्ला करणाऱ्या माझ्या दोन प्राणी-पत्त्यांना अडवणारे त्यांच्याकडे काहीच नव्हते. सामना बरोबरीत सुटला. मला तीनऐवजी एक गुण मिळाला आणि मी 7 गुणांवर थांबलो; 9 झाले असते तर पहिल्या आठांत जाण्याची आशा होती.

माझे प्रश्न असे आहेत. याला लबाडी म्हणायचे का? मी जजला बोलावले असते तर तो दादांवर आरोप ठरला असता का? आणि सामना संपल्यावर तक्रार करून काही उपयोग झाला असता का? मी 50 मिनिटे गप्प बसलो, याचीच मला सर्वांत जास्त रुखरुख लागली आहे.

प्रतिसाद १

मी काही वर्षे स्थानिक स्पर्धांमध्ये जज म्हणून काम करतो, त्यामुळे आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. सामन्याचा निकाल लिहून दिल्यावर वेळेबाबत काहीही करता येत नाही. कोणता जजही मागे जाऊन तिसऱ्या डावातील मिनिटे मोजू शकत नाही. संथ खेळावरचा उपाय डाव चालू असतानाच करावा लागतो, आणि तो जितका लवकर केला जाईल तितका त्याचा उपयोग होतो.

आता लबाडीचा प्रश्न. नियमांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच खेळाडू तोंड उघडायला कचरतात. पहिली म्हणजे संथ खेळ: मुद्दाम नव्हे, पण सामना ठरलेल्या वेळेत पुरा होईल अशा गतीने खेळाडू खेळत नाही. ही चूक आहे, अप्रामाणिकपणा नव्हे. तिच्यासाठी ताकीद दिली जाते आणि वेळ संपल्यास प्रत्येक खेळाडूला एक, म्हणजे एकूण दोन, जादा पाळ्या मिळतात. एरवी वेळ संपल्यावर चालू पाळी पूर्ण होऊन दोघांच्या मिळून पाच पाळ्या खेळल्या जातात. ताकीद दिली गेली असती तर तुम्हा दोघांना मिळून सात मिळाल्या असत्या. त्याच स्पर्धेत तीच चूक पुन्हा झाली तर तो डाव गमवावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळाचा फायदा उठवण्यासाठी जाणूनबुजून वेळ काढणे. हा गैरवर्तनाचा प्रकार आहे आणि त्याची शिक्षा स्पर्धेतून थेट हकालपट्टी ही आहे. तो सिद्ध होण्यासाठी जजला हेतूची खात्री पटावी लागते, आणि माझ्या पाहण्यातील बहुतेक प्रकरणे पहिल्या प्रकारातच मोडतात. तुम्ही लिहिले आहे त्यावरून दादांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, पण तो संथ खेळ होता हे मात्र निश्चित म्हणेन. परिस्थितीत काहीही बदललेले नसताना प्रतिस्पर्ध्याचे ग्रेव्हयार्ड पुन्हा पुन्हा तपासणे, हे दंडाच्या मार्गदर्शिकेत संथ खेळाचे उदाहरण म्हणूनच दिलेले आहे. पटावरील स्थिती कितीही गुंतागुंतीची असली तरी पाळी वाजवी वेळेत संपवायची असते, हेही नियमांत स्पष्ट म्हटले आहे.

एका पाळीला इतके सेकंद, असा आकडा मात्र नियमांत कुठेही नाही. तो निर्णय जजच्या नजरेवर सोडलेला आहे, म्हणूनच जज टेबलाशी असणे महत्त्वाचे. तुम्ही हात वर करून एवढेच म्हणायचे: "आमच्या सामन्याकडे जरा लक्ष द्याल का? वेळेत पुरा होईल असे वाटत नाही." ही विनंती करण्याचा हक्क खेळाडूला नियमांनीच दिला आहे आणि शक्य असेल तेव्हा ती मान्य केली जाते. यात कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. मी अशा वेळी टेबलापाशी दोन-तीन पाळ्या नुसता उभा राहतो, आणि अनेकदा तेवढ्यानेच दोन्ही बाजूंचा वेग वाढतो. पहिल्या डावात 20 मिनिटे होऊनही निकाल दृष्टिपथात नव्हता, तेव्हाच तुम्ही बोलवायला हवे होते.

प्रतिसाद २

धागाकर्ते, मी तुमच्या दादांच्या जागेवर बसलेली आहे, म्हणून लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत समोरच्या मुलीने माझ्याविषयी जजला बोलावले. जज शेजारी येऊन उभे राहिले तेव्हा माझे कान तापले, कारण मी वेळ काढते आहे असे कोणाला वाटेल हे माझ्या मनातही आले नव्हते. मी खरोखर विचार करत होते! चूक होईल या भीतीने मी प्रत्येक खेळी तीन-तीनदा पडताळून पाहत होते. जजनी शांतपणे सांगितले, "आता निर्णय घ्या," आणि थोड्या वेळाने ताकीद दिली. त्या दिवशी मला वाईट वाटले, पण त्या मुलीने काही गैर केले असे मी आज मुळीच म्हणणार नाही. ती 50 मिनिटे आम्हा दोघींची होती आणि त्यांतील 35 मी एकटीने वापरत होते.

त्यानंतर मी सवयी बदलल्या. प्रतिस्पर्ध्याची पाळी चालू असतानाच मी माझी पुढची पाळी ठरवून ठेवते आणि नवीन पत्ता ओढल्यावर फक्त एवढेच पाहते की त्याने माझा बेत बदलतो का. ग्रेव्हयार्डमधील महत्त्वाची तीन-चार नावे कागदावर टिपून ठेवते. सामन्यादरम्यान अशी टिपणे करायला परवानगी आहे. सर्वांत जास्त वेळ वाचला तो साइडबोर्डच्या, म्हणजे दोन डावांच्या मध्ये डेकमध्ये अदलाबदल करता येणाऱ्या राखीव पत्त्यांच्या बाबतीत. पूर्वी दोन डावांच्या मध्ये मी पंधरा पत्ते पसरून बसत असे. आता कोणत्या डेकसमोर कोणते पत्ते काढायचे आणि कोणते घालायचे, याचा छोटा कागद घरूनच लिहून आणते. डावांच्या मधल्या वेळात तो पाहता येतो, पुढचा डाव सुरू होण्यापूर्वी मात्र तो टेबलावरून दूर ठेवावा लागतो.

तुम्ही दादांशी बोला, असे मला मनापासून वाटते. मला कोणी सांगितलेच नसते तर मी अजूनही तशीच खेळत राहिले असते.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत असूनही एक मुद्दा वेगळा मांडावासा वाटतो. सगळा दोष खेळाडूवर टाकणे बरोबर नाही. काही पत्तेच असे आहेत की ते खेळणारा कितीही चपळ असला तरी घड्याळ खातात, आणि खेळ बनवणाऱ्या कंपनीने ते वेळोवेळी मान्यही केले आहे. "सेन्सेइज डिव्हायनिंग टॉप" हा पत्ता एका मॅनात (लँडमधून मिळणारी शक्ती) लायब्ररीचे, म्हणजे ओढायच्या पत्त्यांच्या गठ्ठ्याचे, वरचे तीन पत्ते पाहून हव्या त्या क्रमाने लावू देत असे. ही किरकोळ वाटणारी क्रिया प्रत्येक पाळीत, कधी कधी दोन-दोनदा घडे, आणि फेऱ्या लांबत जात. 2017 मध्ये लेगसी प्रकारात (कोणते पत्ते चालतात यानुसार स्पर्धांचे असे प्रकार असतात) त्यावर बंदी आली, तेव्हा त्यामागे वेळेचेही कारण होते. "सेकंड सनराइज"वर 2013 मध्ये मॉडर्न प्रकारात बंदी आली, तीही अशाच कारणाने. त्या पत्त्याभोवती बांधलेल्या डेकचा खेळाडू एकाच पाळीत आपल्या वस्तू मोडून पत्ते ओढी, मग त्या परत आणून पुन्हा मोडी. शेवटी जमेल की नाही हे त्यालाही ठाऊक नसल्यामुळे समोरचा खेळाडू डाव सोडूनही देऊ शकत नसे आणि हाताची घडी घालून बसून राही. 2024 च्या ऑगस्टमध्ये मॉडर्नमधून "नाडू" या पत्त्याला काढताना त्याच्या लांबलचक पाळ्यांचा उल्लेख पुन्हा झाला.

नियमांनी ही गोष्ट किती गंभीरपणे घेतली आहे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे "फोर हॉर्समेन" नावाचा जुना डेक. त्यात लायब्ररीतील पत्ते ग्रेव्हयार्डमध्ये टाकत राहायचे, मध्ये "एम्राकूल" हा पत्ता पडला की सगळे पुन्हा पिसायचे, आणि हवे ते पत्ते हव्या त्या क्रमाने पडेपर्यंत हे चालू ठेवायचे. गणिताने पाहिले तर कधी ना कधी ते जमणारच. पण असे आवर्तन, म्हणजे त्याच त्या खेळ्यांची पुनरावृत्ती, वापरताना ते किती वेळा करणार आणि त्याचा शेवट नेमका काय होणार हे खेळाडूला आधी सांगता आले पाहिजे. इथे ते सांगता येत नाही, त्यामुळे पत्ते पूर्णपणे वैध असूनही तसे खेळत राहणे संथ खेळात मोडते.

बुद्धिबळासारखे घड्याळ का नाही, असेही कोणी विचारेल. संगणकावरील मॅजिक ऑनलाइनमध्ये ते आहे: प्रत्येकाला सामन्यासाठी 25 मिनिटे, आणि ती संपली की सामना हातचा गेला. टेबलावर मात्र एकाच पाळीत कृतीचा अधिकार इकडून तिकडे इतक्या वेळा जातो की दर वेळी बटण दाबत बसल्याने उलट वेळ वाढेल.

धागाकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पहिल्या डावातच बोलवायला हवे होते, हे पटले. संथ खेळ आणि मुद्दाम वेळ काढणे यांतला फरक मला माहीत नव्हता, आणि जजला बोलावणे म्हणजे दादांना लबाड म्हणणे अशी माझी ठाम समजूत होती, म्हणूनच मी भिडेपोटी गप्प बसलो. काल संध्याकाळी मी त्यांना फोन केला आणि ताईंनी सांगितलेली साइडबोर्डच्या कागदाची युक्ती आधी सांगितली, मग ग्रेव्हयार्डचे बोललो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले की हल्ली पत्त्यांवरची बारीक अक्षरे त्यांना एकदा पाहून लक्षात राहत नाहीत, आणि पुढच्या शनिवारी आपण दोघे घड्याळ लावून सराव करू.

आणखी एक विचारायचे राहिले. त्या दिवशी माझा मित्र मागे उभा राहून सामना पाहत होता आणि त्यालाही हे खटकत होते. त्याने काही करणे नियमात बसले असते का?

प्रतिसाद १ चे उत्तर

बसले असते. प्रेक्षकाने चालू डावाविषयी खेळाडूंना सल्ला देता कामा नये, पण काही वावगे दिसले तर जजला गाठून सांगायला त्याला पूर्ण मुभा आहे. पुढच्या वेळी मित्राला म्हणावे, टेबलापासून बाजूला जाऊन जजला फक्त टेबलाचा क्रमांक आणि उरलेली मिनिटे सांग.