शरणपूरच्या चर्चबद्दल कोणी सांगेल का?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी, रोज मुलीला क्लासला सोडताना शरणपूर रोडच्या सेंट अँड्र्यूज चर्चवरून जातो. परवा तिने विचारलं, बाबा हे नाशिकरोडच्या बाळ येशू चर्चसारखंच का, तर मला नीट सांगता येईना. याला अँग्लिकन चर्च म्हणतात, ते अँग्लिकन म्हणजे नक्की काय? आणि शरणपूरचा आफ्रिकेशी संबंध म्हणतात तो काय?

जुनं_नाशिक:
बाळ येशू म्हणजे रोमन कॅथलिक, पोपला मानणारे. अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडवाले, पोपचा अधिकार न मानणारे. १९७० ला अँग्लिकन आणि अजून काही पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, म्हणून आता सगळे सीएनआय म्हणतात.

आफ्रिकेचं मात्र नीट ऐका, कारण ही गोष्ट नाशिकच्या प्रत्येक पोराला माहीत पाहिजे. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव, चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनरी संस्थेने वसवलेलं. अरबी गलबतांवरून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकन मुलं इंग्रजांचं आरमार सोडवायचं, त्यातली बरीच मुंबईहून इथे आणली, शाळेत घातली, सुतारकी लोहारकी शिकवली. १८६६ ला आफ्रिकेचा शोध घेणारा प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत शिरला तेव्हा सोबत इथली नऊ मुलं होती, त्याच्या डायरीत 'नासिक बॉइज' असाच उल्लेख आहे. इथेच शिकलेला जेकब वेनराइट नंतर त्यांना जाऊन मिळाला. १८७३ ला लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचं काळीज एका झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबने वाचली, खोडावर नाव पण त्यानेच कोरलं. मग सगळ्यांनी मिळून तो देह कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत नेला, आणि १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत आपल्या शरणपूरचा जेकब होता!!

दगडवाला:
छान लिहिलंत. त्या काळचं अँग्लिकन बांधकाम बघायचं असेल तर लेकीला कुलाब्याचं अफगाण चर्च दाखवा. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांसाठी बांधलं, १८५८ ला प्रार्थनेसाठी खुलं झालं, मनोरा जवळपास ६० मीटर. भिंती कुर्ल्याच्या दगडाच्या, आतले खांब पोरबंदरच्या दगडाचे, त्यामुळे आत शिरलं की रंग एकदम उजळ होतो. टोकदार कमानी, रंगीत काचा, आणि फरशी तर खाली बसून बघा, छोट्या छोट्या टाइल्सची नक्षी आहे.

गंगापूररोडकर:
धन्यवाद दोघांना. जेकबची गोष्ट रात्री लेकीला सांगितली, आता ती विचारतेय त्याला मराठी येत होतं का.