पिकअपच्या पुढच्या डिस्क सव्वा वर्षातच गंजल्या, बदलण्याआधी काय बघू?

मळ्याकडची वाट
नमस्कार मंडळी. आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात. पिकअप घरच्याच कामाला असते: खतं, क्रेट, बेदाणा शेड, अधूनमधून सांगलीचं मार्केट यार्ड. ब्रेक पुढं डिस्कचे, मागं ड्रमचे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पुढच्या दोन्ही डिस्क नव्या टाकल्या, त्यानंतर गाडी जेमतेम १६ हजार किलोमीटर चालली. आता सकाळी निघालं की चर्र चर्र आवाज येतो आणि चार-पाच किलोमीटर गेलं तरी थांबत नाही. पन्नासच्या पुढं ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. गॅरेजवाले म्हणतात, दोन्ही बदला. हंगामात मागं टनभर माल आणि शेजारी वडील बसलेले असतात, त्यामुळं ब्रेकची हयगय करायची नाही. पण सव्वा वर्षात डिस्क का जावी? नवीन कुठली टाकू? गंज न धरणारं कोटिंग असतं का?

कोयनाकाठ
भाऊ, आधी गंज कुठला ते ओळखा. डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते आणि पॅड जिथं घासतो तिथं रंग नसतो. आमच्याकडं पाटणला पावसाळ्यात रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी डिस्क केशरी झालेली असते. पाच-सहा वेळा ब्रेक लागला की चकचकीत. तो गंज निरुपद्रवी. तुमचा आवाज एवढ्या वेळात जात नाही, म्हणजे गंज आत उतरलाय. चाक काढून डिस्कवरून नख फिरवा. खड्ड्यात नख अडकतं का? बाहेरच्या कडेला उंचवटा आलाय का? बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर लावून मोजा, त्याच्या खाली गेली असेल तर विचार करायचाच नाही, बदलायची.

एक सवय मात्र लावून घ्या. गाडी धुतली की तशीच उभी करू नका. किलोमीटरभर फिरवा, हलके हलके ब्रेक लावून डिस्क सुकवा, मग लावा.

सतराचा पाना
मी इस्लामपूरला गॅरेजमध्ये काम करतो. पहिला प्रश्न, दोन्ही डिस्क सारख्याच गंजल्यात की एक जास्त? एक जास्त असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना बघा. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, एका बाजूचा पॅड डिस्कला नीट टेकत नाही. तिथला रोजचा गंज पुसला जात नाही आणि हळूहळू खड्डे पडतात. पिना काढून साफ करा, रबर बूट फाटलाय का बघा आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या बेअरिंग ग्रीसनं रबर फुगतं आणि पिन परत अडकते.

थरथरीचं कारण बऱ्याचदा हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तिथं असतं. जुनी डिस्क काढली की हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे असतात. ते तारेच्या ब्रशनं न घासता त्यावरच नवी बसवली तर ती किंचित वाकडी फिरते. गंज येऊ नये म्हणून डिझेल किंवा ऑइल अजिबात लावू नका, पॅड तेल पितो आणि गाडी थांबत नाही.

कोटिंगचं म्हणाल तर पॅडखाली कुठलंच टिकत नाही, पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जातं. पण मधल्या टोपीवर आणि कडेवर ते राहतं, म्हणून मिळाली तर कोटिंगची घ्या.

मळ्याकडची वाट
डावी फारच वाईट आहे दादा. उजवीवर नख फिरतं, डावीवर अडकतं.

बागायतदार, पलूस
गाडी कुठं उभी करता?

मळ्याकडची वाट
शेडपाशी. औषधाच्या टाकीला लागूनच, डावी बाजू टाकीकडं. पाईप तिथून सोडायला सोपं पडतं.

बागायतदार, पलूस
मग माझ्या मते डिस्क मोरचुदानं, म्हणजे कॉपर सल्फेटनं खाल्ली. फवारणीसाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो केल्यावर आपण विळ्याचं पातं बुडवून बघतो ना? तांबूस थर चढला तर चुना कमी पडला म्हणतो. तो थर म्हणजे मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळून जातं. म्हणून तर मोरचूद आपण प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भिजवतो. एक टक्क्याच्या बोर्डोला १०० लिटरला किलोभर मोरचूद जातो, आणि चुना पडायच्या आधीचं निळं पाणी चाकावर उडत असेल तर बीड किती दिवस टिकणार? पोटॅशची पोतीही तिथंच उतरवत असाल तर तेही लांब करा, ते क्षारच आहे.

मळ्याकडची वाट
काल चाक उघडलं. डाव्या डिस्कमागच्या पत्र्यावर निळसर-हिरवी खपली होती, बोटानं चुरली तर भुकटी झाली. उजवीकडं तसलं काही नाही. डाव्या कॅलिपरची खालची पिन हातोडीनं ठोकून काढावी लागली, बूट चिरलेला. आतला पॅड अर्ध्यावर आणि बाहेरचा जवळजवळ नवा. डिस्कवर किमान २० मिमी कोरलंय. उजवी २१.२ भरली, डावी खड्ड्यांच्या जागी २०.१. उजवी ठेवली तर चालेल का?

सतराचा पाना
नको. पुढच्या दोन्ही एकदमच बदला, पॅडही नवे. एक जुनी आणि एक नवी ठेवली तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते. डिस्कवर कारखान्याचं तेल असतं, ते ब्रेक क्लीनरनं पुसून मगच पॅड बसवा. मग मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा हळू उतरवा, मध्ये डिस्क गार होऊ द्या, पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही बदला.

कोयनाकाठ
आणि बागेत चार दिवस उभी राहणार असेल तर मागच्या ब्रेकच्या ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नका, आतला लायनर ड्रमला चिकटतो. सपाटीवर गिअरमध्ये टाका, चाकांना दगड लावा.

मळ्याकडची वाट
दोन्ही डिस्क, पॅड आणि पिनांचे बूट सांगलीहून आणले. हब घासताना निघालेले पापुद्रे मूठभर भरले. थरथर गेली. मोरचुदाचा ड्रम आता शेडच्या मागं नेलाय, तिथं गाडी वळतच नाही. पाईप वीस फूट जास्त लागला.