अनुभव धागा: जपानच्या सहलीत पाय कुठे थांबले?

मंडळी, दहा दिवसांची जपान सहल करून परवा परतलो. टोकियो, निक्को, क्योतो, नारा, हिमेजी, हिरोशिमा, ओसाका. ग्रुपमध्ये अडतीस डोकी, पुढे गाईडचा झेंडा, मागे आमची वरात. घरी येऊन फोटो लावायला बसलो तर सगळी देवळं एकमेकांत मिसळलेली. कुठलं कुठलं ते बायकोलाही सांगता येईना.

एक जागा मात्र पक्की लक्षात आहे आणि नेमका तिथलाच फोटो नाही, कारण आत फोटोला मनाई. क्योतोचं सान्जूसान्गेन्दो. सुमारे १२० मीटर लांबीचं लाकडी सभागृह, आत अंधूक उजेड आणि रांगेत कान्नोनच्या १००१ मूर्ती. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. सगळे त्या मूर्तींच्या गर्दीकडे बघत पुढे सरकत होते. मी पुढच्या ओळीतल्या अठ्ठावीस रक्षक देवतांच्या पाट्या वाचत राहिलो. ब्रह्मदेव, इंद्र. गरुड चक्क बासरी वाजवतोय! टोकाला वायू आणि मेघगर्जनेचा देव. मधे वसु नावाचा एक म्हातारा, त्याच्या छातीची हाडं मोजून घ्यावीत. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ शोधावं लागतं आणि इथे तो तेराव्या शतकापासून उभा आहे. झेंडा कधीच बाहेर गेला होता. बसमध्ये सगळ्यांत शेवटी चढलो, बोलणी खाल्ली.

तर अशी तुमची जागा कुठली? व्हिसा, बजेट आणि कुठली कंपनी चांगली, हे इथे नको. त्यावर भरपूर लिहून झालंय.

*

माझी जागा किन्काकुजी, पण वेगळ्या कारणाने. तो सोन्याचा मंडप तळ्यात पडलेल्या प्रतिबिंबासकट बघून ग्रुपमधल्या बायका 'सहाशे वर्षं कसं टिकवलं हो' म्हणत होत्या. तेवढ्यात गाईडबाईंनी शांतपणे सांगितलं की १९५० मध्ये तिथल्याच एका शिकाऊ भिक्षूने त्याला आग लावली आणि आत्ताचा मंडप १९५५ चा आहे. माझा जन्म १९५० चा. म्हणजे हे देऊळ माझ्याहून पाच वर्षांनी लहान! आमचे हे तर चिडलेच, 'मग एवढे पैसे कशाचे घेतले?' गाईडबाई म्हणाल्या, इसे शहरातलं मुख्य देवस्थान तर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात, मागचं २०१३ मध्ये झालं, पुढचं २०३३ मध्ये. लाकूड नवं, घडण तीच. सुतारांच्या एका पिढीने पुढच्या पिढीला हातात हात धरून शिकवायचं. ह्यांचं समाधान झालं नाही. माझं झालं.

*

आमची सहल इतिहासाची आवड असलेल्या बारा जणांची होती, त्यामुळे नाराला हरणांच्या पुढेही जाता आलं. होर्यूजीचं बौद्ध मंदिर. जगातल्या सगळ्यांत जुन्या लाकडी इमारतींत इथल्या वास्तू धरतात.

मी संभाजीनगरची. लहानपणापासून पाहुणे आले की अजिंठा ठरलेला, त्यामुळे पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मला घरातल्या फोटोसारखा पाठ आहे. होर्यूजीच्या कोन्दोत (मुख्य मंदिरात) जाळीआडून भिंतीवरचा बोधिसत्त्व बघितला आणि तोंडातून निघालं, 'अरे, हा तर आपला!' तशीच कललेली मान, तसेच अर्धे मिटलेले डोळे. अभ्यासक ही तुलना कधीपासून करत आलेत, हे मला नंतर कळलं.

पण मी बघत होते ती प्रतिकृती होती. मूळ चित्रं २६ जानेवारी १९४९ ला आगीत होरपळली. मंदिराची दुरुस्ती चालू होती, चित्रकार भिंतीवरच्या चित्रांच्या नकला काढत होते, आणि त्याच काळात आग लागली. वरच्या बाजूच्या उडत्या अप्सरांची छोटी चित्रं दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवली होती म्हणून ती वाचली. लोक इतके हळहळले की पुढच्याच वर्षी वारसा जपण्याचा कायदा झाला. आता दर २६ जानेवारीला जपानभर देवळांत आगीचा सराव होतो, पाण्याचे फवारे उडवतात. आपल्या झेंडावंदनाच्या दिवशी.

तेव्हापासून अजिंठ्यात कुणी मोबाईलचा टॉर्च मारला की माझा आवाज चढतो. मुलं लाजतात.

*

जेवणाचं कुणीच कसं लिहिलं नाही? आम्ही शुद्ध शाकाहारी. निघण्यापूर्वी 'काही काळजी करू नका' असं तीनदा ऐकवलं होतं. तिसऱ्या दिवशी उदोनच्या वाडग्यात नूडल्स आणि कांद्याची पात, बाकी काही नाही, म्हणून मिटक्या मारत खाल्लं. शेवटी जपानी गाईडने सहज सांगितलं की रस्सा 'दाशी'चा असतो, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसाचा. मासा दिसला नाही म्हणजे मासा नाही, असा तिथला हिशोब. सासूबाई उठून बाहेर गेल्या. पुढचे चार दिवस खाकरा, लोणचं आणि रात्री नेपाळी मालकाच्या हॉटेलातलं पनीर.

मग कोयासान आलं. डोंगरावरचं मठांचं गाव, शिन्गोन या बौद्ध पंथाचं, कूकाई नावाच्या साधूने ८१६ मध्ये वसवायला घेतलेलं. मुक्काम मठातच. जेवणाच्या ताटात दाशीसुद्धा समुद्री शेवाळाची, मासा तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. तिळाचा गार, थरथरता तोफू. गोठवून वाळवलेला स्पंजासारखा तोफू, त्याचं नावच कोया-दोफू. चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईंनी दोनदा मागून घेतला.

पहाटे होम होता. त्याला तिथे 'गोमा' म्हणतात, शब्द आपलाच. पुजारी समिधा टाकतोय, ज्वाळा वर चाललीय, ढोल घुमतोय. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. नंतर ओकुनोइनच्या दफनभूमीतून चालत गेलो. दोन्ही बाजूंना आभाळाला टेकलेले देवदारासारखे वृक्ष, खाली शेवाळलेल्या दोन लाखांहून जास्त समाध्या. (वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने मेलेल्या वाळवीसाठी स्मारक बांधलंय. खोटं नाही, मी बघितलं.) शेवटी कूकाईची समाधी. ते ८३५ मध्ये गेले असं तिथे कुणी म्हणत नाही, ध्यानात बसलेत म्हणतात, आणि रोज दोन वेळा भिक्षू लाकडी पेटीतून त्यांना जेवण नेतात. सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'आळंदी गं.'

*

वरच्या ताईंनी कोयासानचं लिहिलं म्हणून राहवलं नाही. मी नागपूरचा. आमच्याकडे जपान म्हणजे परका देश नाहीच. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर आहे, आणि मूळचे जपानचे भदंत सुरेई ससाई यांना आम्ही दीक्षाभूमीवर लहानपणापासून बघत आलो. कोयासानला सगळा ग्रुप दफनभूमीकडे निघाला, तेव्हा मी गाईडला म्हटलं, मला विद्यापीठात जायचंय. तो गोंधळला. त्याच्या कागदावर ते नव्हतं. कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालेला. मी एकटाच गेलो. थंडी होती, आवारात चिटपाखरू नव्हतं. पिशवीत निळी शाल होती, ती काढून खांद्यावर घेतली, वंदन केलं, पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. एक विद्यार्थिनी सायकलवरून उतरली, पुतळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कमरेत वाकली आणि गेली.

*

गडवाल्यांनी हिमेजीचा किल्ला चुकवू नये. बुटं काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवी हातात, आणि शिडीसारखे उभे लाकडी जिने. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आणि खाली तळघर. साठीच्या पुढच्यांनी गुडघ्यांना विचारून चढा.

मला मजा आली ती जंग्यांत. भिंतीभर गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं, बाण आणि बंदुकीसाठी. वरून दगड टाकायला झरोके. बालेकिल्ला समोर दिसतोय पण वाट उलटीकडे वळते, दरवाजा आडोशाला. आपल्या गोमुखी बांधणीचा चुलत भाऊच. हा मुख्य बुरूज १६०९ चा, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी २१ वर्षं. १९४५ मध्ये भोवतालचं शहर बाँबने जळलं, हा राहिला. सगळ्यांत वर पोचून धापा टाकत बघतो तर एक छोटं देऊळ, लोक टाळ्या वाजवून नमस्कार करतायत. गडावर देव असायचाच, तिकडेही.

*

हिरोशिमा.

त्या घुमटाचा सांगाडा फोटोत शंभरदा बघितला होता. चेक वास्तुकाराने बांधलेली, १९१५ ची इमारत, हे तिथे कळलं. मी ठीक होते. अणुबाँबच्या किरणोत्सारामुळे पुढे आजारी पडून गेलेल्या सादाको या मुलीच्या स्मारकाजवळच्या कागदी क्रौंचांच्या माळा बघूनही ठीक होते, मुलीने एक घडी घालून लावलासुद्धा.

संग्रहालयात काचेमागे एक डबा आहे. शाळकरी मुलाचा, जेवणाचा. झाकण निघालेलं, आत कोळसा झालेलं अन्न. त्याच्या आईला तो डब्यावरूनच सापडला.

मी अठरा वर्षं रोज पहाटे डबे भरतेय. पुढच्या दालनांत काय होतं ते मला माहीत नाही, मी बाहेर बाकावर बसले. तासाभराने टूर मॅनेजर दादा आले, 'ताई, लंचची वेळ झाली' म्हणाले, मग काहीतरी उमजून पाण्याची बाटली ठेवून गेले.

*

मी टोकियोत राहतो, त्यामुळे उलट्या बाजूने लिहितो. आई-बाबा अशाच ग्रुपबरोबर आले होते. असाकुसा भागातल्या सेन्सोजी देवळात त्यांना पाऊण तास दिला होता आणि त्यातला निम्मा रांगेत फोटोला गेला. मोकळ्या दिवशी मी त्यांना तिथून दहा-पंधरा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेनला नेलं. छोट्या टेकाडावरचं देऊळ, गर्दी नाही. देव आहे कांगितेन, म्हणजे गणपती. मूर्ती दाखवत नाहीत, कायम पडद्याआड. पण नैवेद्य काय, तर मुळा! पांढरा, हातभर लांब दाइकोन, तिथेच विकत मिळतो. गाभाऱ्यासमोर मुळ्यांची रास. खांबांवर, पायऱ्यांजवळही मुळे कोरलेले.

आई आधी थबकली. 'मुळा? गणपतीला?' मी सांगितलं की मोदकही आहे, क्योतोत तिळाच्या तेलात तळलेली, वर पाकळ्यांसारखी मुरड घातलेली मिठाई मिळते, ती ह्याच देवाची. मग तिला बरं वाटलं. तिने मुळा वाहिला, मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हटलं. निघताना तिथल्या बाईंनी, वाहिलेल्यांतलाच एक मुळा प्रसाद म्हणून तिच्या हातात ठेवला.

मेट्रोत पूर्ण वेळ तो मुळा मांडीवर, बाळासारखा. रात्री माझ्याकडे त्याची कोशिंबीर झाली, अर्धा उरला. सकाळी टूर मॅनेजरला तिचा फोन, 'अहो, मुळा विमानात नेता येतो का?'