शब्दचर्चा : ‘लघुमार्ग सानुकूलित करा’ म्हणजे नक्की काय करायचं?

सात रस्ता : जुन्या कॅसेटी आणि तबकड्या संगणकावर उतरवून साफ करणाऱ्यांसाठी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅमचं मराठी माहितीपत्रक लिहितोय. कीबोर्डचे शॉर्टकट आपल्या सोयीने बदलण्याच्या भागापाशी गाडी अडली आहे. खर्ड्यात ‘लघुमार्ग सानुकूलित करा’ असं आहे. शब्द चूक नाही, पण वाचून हात कुठेच जात नाही. दुसरं काय लिहावं? क्लिक, नॉइज या ध्वनिदोषांना आणि ‘रिपेअर’ या दुरुस्तीच्या आज्ञेलाही शब्द हवे आहेत.

साखर पेठ : ‘शॉर्टकट’ तसाच ठेवा. ‘लघुमार्ग’ कोणी बोलत नाही आणि ‘आडवाट’ म्हटलं की रस्ता सोडून गेल्याचा भास होतो. ‘सानुकूलित’ तर काढाच. ‘शॉर्टकट बदला’ एवढं पुरे.

खरा जपायचा शब्द ‘कळ’. कीबोर्डवर बोटाने दाबायची ती कळ, पडद्यावर माउसने दाबायचं ते बटण. हा भेद पाळला तर निम्मा गोंधळ मिटतो. एडिट मेनूतून प्रेफरन्सेस उघडा, किंवा कंट्रोल-पी दाबा. डावीकडे ‘शॉर्टकट्स’ निवडा. जुन्या आवृत्त्यांत याच पानाचं नाव ‘कीबोर्ड’ होतं. शोधचौकटीत ‘रिपेअर’ टाका, सापडलेल्या ओळीवर क्लिक करा, खालच्या चौकटीत जाऊन हवी ती कळ दाबा आणि मग ‘सेट’ हे बटण दाबा. नवखे इथेच चुकतात. चौकटीत कळेचं नाव उमटलं की काम झालं असं वाटतं, पण ‘सेट’ केल्याशिवाय ती लागत नाही, आणि शेवटी ‘ओके’ केलं नाही तर केलेलं सगळं वाया जातं. पत्रकात दोन्हीकडे ‘दाबा’ एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याला कळ आणि बटण यांतला फरक कळणार कसा?

बाळीवेस : साखरपेठकरांशी सहमत. एखाद्या कामाला कळ ‘असाइन’ करण्यासाठी काही जण ‘नेमणे’ लिहितात. माणूस नेमतात, समिती नेमतात. कळ नेमली हे कानाला खटकतं. ‘कळ बांधणे’ही पाहिलंय. मला ‘देणे’ सगळ्यात सरळ वाटतं : रिपेअरला एफ-७ दिली.

‘देणे’चा आणखी एक फायदा आहे. एक कळ एकाच कामाला असते. आधी दुसऱ्या कामाला दिलेली कळ तुम्ही मागितलीत तर ऑडॅसिटी विचारते, आणि ‘ओके’ म्हटलं की पहिल्या कामाकडून काढून घेऊन नव्याला देते. ‘देणे’ आणि ‘काढून घेणे’ या जोडीत ही वागणूक आपोआप समजते. म्हणून आधी याच पानावर ‘व्ह्यू बाय’मध्ये ‘की’ निवडा. कुठली कळ कोणाकडे आहे ते ओळीने दिसतं. रिपेअरला ‘आर’ देऊ नका. ‘आर’ रेकॉर्डिंगची आहे. सवयीने ती दाबणाऱ्याचं रेकॉर्डिंग सुरूच होणार नाही. एफ-१, एफ-२, एफ-३ अवजारांच्या आहेत. लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या कळा आवाज किंवा उजेड कमी-जास्त करायला लावलेल्या असल्या, तर सोबत एफएन दाबावी लागते, हेही पत्रकात येऊ द्या.

जुळे सोलापूर : आता आवाजाच्या शब्दांकडे. ‘नॉइज’ला ‘आवाज’ लिहू नका, कारण मराठीत गाणाराचाही आवाजच असतो. ‘आवाज कमी करा’ वाचून माणूस व्हॉल्यूम उतरवेल. आपल्याकडे प्रत्येक दोषाला वेगळा शब्द आहे आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा आहे :

कॅसेटची सलग ‘सूंऽऽ’ म्हणजे सरसर. नॉइज रिडक्शनमध्ये आधी फक्त सरसरीचा तुकडा निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ करा, मग पूर्ण भाग निवडून परिणाम (इफेक्ट) लावा. सुरुवात १२ डेसिबलवर. जास्त ओढलं की गाणारा पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. ‘रेसिड्यू’ निवडून ऐका; काढून टाकलेल्यात गाण्याचे शब्द ऐकू आले तर हात आखडता घ्या.

तबकडीवरच्या धुळीचा, ओरखड्याचा तो खटका. क्लिक रिमूव्हलचे मूळ आकडे २०० (थ्रेशोल्ड) आणि २० (खटक्याची रुंदी). पहिला आकडा खाली आणाल तितके जास्त खटके धरले जातात. फार खाली नेला तर हलगीची टिपरीही खटका समजून खाल्ली जाते.

विजेची घूं आपल्याकडे ५० हर्ट्‌झची. नॉच फिल्टर (ठरावीक कंपनसंख्या कापणारा) उघडला की ६० दिसतो, तो बदलायचा. राहिली घूं १०० आणि १५० वर शोधा.

आणि ‘रिपेअर’ला मी रफू म्हणेन. कापडाच्या या सोलापुरात तो समजावून सांगावा लागणार नाही. रफूवाला आजूबाजूचे धागे पाहून भोक भरतो. रिपेअरही निवडीच्या बाहेरचा ध्वनी पाहून मधला तुकडा रचतं. म्हणून निदान एका बाजूला तरी लागून ध्वनी हवाच, नाहीतर ते नकार देतं. भोकही लहानच हवं : जास्तीत जास्त १२८ नमुने (सॅम्पल), म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने जेमतेम २.९ मिलिसेकंद. निवडून कंट्रोल-ई दाबत जवळ जा, लाटेतलं टोक दिसेल, तेवढंच धरा.

सात रस्ता : ‘रफू’ घेतला. पण मेनूत ‘रिपेअर’ दिसतं, त्यामुळे पहिल्यांदा दोन्ही लिहीन. रफूला वेगळी कळ कशाला, कंट्रोल-आरने शेवटचा परिणाम पुन्हा लागतोच की?

बाळीवेस : लागतो, पण ‘शेवटचा’ म्हणजे खरोखर शेवटचा. मध्ये तुम्ही ॲम्प्लिफाय (ध्वनी मोठा करणारा परिणाम) वापरलं असेल तर कंट्रोल-आर रफू न करता तो तुकडा आणखी मोठा करेल, आणि तेही चौकट न दाखवता. शंभर खटके हाताने काढायचे तर रफूला स्वतःची कळ हवी. चुकलं तर कंट्रोल-झेड आहे.

साखर पेठ : एक राहिलं. लेबलं मराठीत लिहिणारे कीबोर्डचा लेआउट बदलतात. कळा देताना आणि वापरताना तो इंग्रजीवर आणा. सगळं जमलं की त्याच पानावरच्या ‘एक्स्पोर्ट’ने कळांची यादी एक्सएमएल फाइलमध्ये ठेवा. दुसऱ्या संगणकावर ‘इम्पोर्ट’ केली की तिथेही त्याच कळा लागतील, आणि पत्रकात लिहिलेल्या कळा सगळ्यांकडे सारख्या राहतील.