प्रेस कव्हरेजमध्ये मुलगा पहिल्या दोन पावलांतच मागे पडतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसच्या जवळ राहतो. मुलगा हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शाळेच्या जेव्ही म्हणजे दुसऱ्या फळीच्या टीममध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतो, कॉर्नरबॅक, म्हणजे पास घ्यायला धावणाऱ्या रिसीव्हरला कडेला अडवणारा. पळायला चांगलाय, मागे पळत जाणंही जमतं, म्हणजे रिसीव्हरपासून सातेक यार्ड लांब उभं राहून खेळायचं असेल तर त्याला सहसा कोणी सोडून जात नाही. पण यंदा कोचनी प्रेस खेळायला लावलंय, रिसीव्हरच्या अगदी समोर, हाताच्या अंतरावर उभं राहायचं आणि बॉल स्नॅप झाला (खेळ सुरू करायला मागे दिला गेला) की त्याला सहज सुटू द्यायचं नाही. आणि नेमका तिथेच तो कमी पडतोय. रिसीव्हर खांदे हलवतो, एक पाय आत टाकतो, हा दोन्ही हात पुढे करून झेपावतो, समोरचा त्याचे हात खाली मारतो आणि बाहेरून निघून जातो. मग पुढे फक्त पाठलाग.

दुसरी गोष्ट अशी की शाळेचे कोच सांगतात रिसीव्हरच्या आतल्या खांद्यावर उभा राहा, आणि उन्हाळ्यातल्या कँपमध्ये जे शिकवत होते ते म्हणाले बाहेरच्या खांद्यावर राहून त्याला आत ढकल. दोघंही अनुभवी माणसं आहेत, पोरगं बिचारं गोंधळलंय. आणि तिसरं, हात लावायचा तर कुठपर्यंत? टीव्हीवर पाच यार्ड पाच यार्ड ऐकतो आम्ही, पण शाळेच्या मॅचमध्ये पंच वेगळंच काहीतरी बघतात असं वाटतं.

मी स्वतः सांगलीला कॉलेजपर्यंत कबड्डी खेळलेय, उजवा कोपरा. चढाई करणाऱ्याच्या हातांकडे आणि चेहऱ्याकडे बघायचं नाही, कंबरेकडे बघायचं हे मला शिकवलेलं, ते मी त्याला सांगते. ते इथे लागू होतं का? आणि आमच्या मागच्या अंगणात मी त्याच्यासमोर उभी राहून काय सराव घेऊ शकते? माहितगारांनी सविस्तर लिहा प्लीज, कितीही मोठं असलं तरी वाचेन.

प्रतिसाद १

ताई, आधी पाच यार्डांचं सांगतो कारण ते सोपं आहे. तो नियम एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा. १९७८ साली आला, त्याआधी डिफेंडरला रिसीव्हरला धक्के द्यायची बरीच जास्त मोकळीक होती आणि पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लाउंट ते इतकं जबरदस्त करायचा की लोक अजून त्या नियमाला ब्लाउंट रूल म्हणतात. त्यानंतर लाइनपासून (जिथून बॉल सुरू होतो ती रेष) पाच यार्डांच्या आत समोरच्या रिसीव्हरला अडवायचं, पुढे नाही. अडवलं तर पाच यार्ड दंड आणि फर्स्ट डाउन (नव्याने चार प्रयत्न) फुकट.

पण तुम्ही टेक्ससमध्ये आहात, तिथे हायस्कूलचे सामने कॉलेजच्या म्हणजे एनसीएएच्या नियमांवर खेळतात, बहुतेक राज्यांत तसं नाहीये. कॉलेजच्या नियमात पाच यार्डांची रेष नाहीच. तिथे बघतात ते असं की रिसीव्हर अजून तुमच्या समोर आहे का, तुम्हाला ब्लॉक करू शकेल अशा जागी आहे का. तोपर्यंत हात लावता येतो. तो तुमच्या बरोबरीला आला किंवा बाजूने निघाला की हात काढायचा. पकडून ठेवणं तर कुठेच चालत नाही, जर्सी बोटात आली की फ्लॅग (पंचांचा दंडाचा रुमाल) पडलाच समजा. पोराला यार्ड मोजायला लावू नका, "माझ्या पुढे आहे की बरोबरीला" एवढंच बघायला सांगा.

प्रतिसाद २

आत की बाहेर यावर मी लिहितो, कारण माझ्या मते ताईंच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे. दोन्ही कोच बरोबर असतील, फक्त दोघांच्या डोक्यात वेगवेगळं कव्हरेज (पास अडवायची आखणी) असणार. कुठल्या खांद्यावर उभं राहायचं हे रिसीव्हर बघून ठरत नाही, तुमची मदत कुठे उभी आहे त्यावरून ठरतं. आधी हा प्रश्न, हातपाय नंतर.

म्हणजे बघा, कव्हर झीरो असेल, मागे सेफ्टी (सगळ्यात मागे राखणारा) कोणीच नाही, सगळे ब्लिट्झला म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून गेलेत, तर कॉर्नर एकटाच. तेव्हा आत उभं राहायचं. कारण आत तिरका जाणारा स्लँट हा सगळ्यात जवळचा, सगळ्यात लवकर फेकला जाणारा थ्रो, क्वार्टरबॅकला तिथे फार विचार करावा लागत नाही. बाहेर जाऊ दिलं तर साइडलाइन आपली, ती कधी चुकत नाही, आणि उंचावरून बाहेर टाकायचा फेड हा हायस्कूलच्या क्वार्टरबॅकला अवघड थ्रो असतो.

आता कव्हर टू घ्या. मागे दोन सेफ्टी, अर्धं अर्धं मैदान वाटून घेतलेलं, कॉर्नरकडे फ्लॅट, म्हणजे लाइनजवळचा कडेचा भाग. या कव्हरेजमध्ये भोक असतं ते साइडलाइनला, कॉर्नरच्या मागे आणि सेफ्टी पोचायच्या आधी, पंधरा ते वीस यार्डांवर. रिसीव्हर बाहेरून मोकळा सुटला की थेट त्या भोकात. म्हणून तिथे बाहेरच्या खांद्यावर उभं राहून त्याला आत वळवायचं, सेफ्टीच्या आणि लाइनबॅकरच्या (मधल्या फळीत राखणाऱ्याच्या) दिशेने. इथे त्याला हरवायचंच असं नाही, त्याची वेळ बिघडवली तरी काम झालं. क्वार्टरबॅक साधारण अडीच सेकंदांत बॉल सोडणार असतो, त्यातला अर्धा सेकंद खाल्ला की त्याच्या पावलांचं आणि रिसीव्हरच्या रूटचं (धावायच्या ठरलेल्या वाटेचं) गणित जुळत नाही आणि तेवढ्यात आपली पुढची माणसं त्याच्यापर्यंत पोचतात. पास रश आणि प्रेस ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, पण याबद्दल फार कमी लोक बोलतात.

कव्हर वनमध्ये मात्र खरंच दोन मतं आहेत. मध्ये खोल एक सेफ्टी असतो, काही कोच म्हणतात आत मदत आहे ना, मग बाहेर उभा राहा, काही म्हणतात सेफ्टी पंधरा यार्ड मागे, तो स्लँटला वेळेवर कुठला येतोय, आतच राहा. तुमच्याकडचा गोंधळ बहुतेक इथलाच आहे. मॅचमध्ये शाळेच्या कोचचंच ऐकायचं, कारण त्याचा सेफ्टी त्याप्रमाणे उभा केलेला असतो. मुलाला सांगा, प्रत्येक कव्हरेजचं नाव घेऊन कोचना विचार की माझी मदत कुठे आहे. आवडीने सांगतील, कॉर्नरने हा प्रश्न विचारला की कोच खूश होतात.

धागाकर्ती

खूप खूप आभार. मदत कुठे आहे हे कोणी त्याला असं सुटं करून सांगितलंच नव्हतं, आत्ताच त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला कव्हर टूमध्ये मी आत उभा राहत होतो आणि सेफ्टी माझ्यावर ओरडत होता ते आता कळलं. आता हातपायांचं कोणीतरी सांगा ना, झेपावणं कसं थांबवायचं.

प्रतिसाद ३

मी ओहायोत मिडल स्कूलच्या पोरांना डिफेन्सिव्ह बॅक (कॉर्नर, सेफ्टी) शिकवायला मदत करतो, तेवढ्यावरून लिहितोय.

झेपावणं हे हातांचं दुखणं नाहीच, पायांचं आहे. मुलाला वाटतं की रिसीव्हर हलला म्हणजे मला लगेच काहीतरी करायला हवं. तर तसं नाहीये. रिसीव्हर जोपर्यंत जागच्या जागी पाय नाचवतोय, खांदे हलवतोय, तोपर्यंत तो एक यार्डही पुढे गेलेला नाही, आणि वेळ त्याचा जातोय, आपला नाही. डॅरेल रिव्हिसचे न्यूयॉर्क जेट्समधले २००९ चे व्हिडिओ दाखवा त्याला, त्या सीझनमध्ये तो समोरच्या संघाचा सगळ्यात मोठा रिसीव्हर एकट्याने सांभाळायचा. व्हिडिओत हात बघू नका, पहिलं अर्धं सेकंद बघा, तो जवळजवळ काहीच करत नाही. नुसता समोर राहतो. समोरचा खरा निघेपर्यंत हा हलत नाही, ही शांतता शिकायला वेळ लागतो पण एकदा आली की अर्धं काम झालं.

उभं राहायची पद्धत: पाय खांद्यांपेक्षा थोडे आत, वजन चवड्यांवर, गुडघे वाकलेले, पाठ फार वाकवायची नाही, हात वर पण सैल. नजर जर्सीवरच्या आकड्यांच्या खालच्या कडेपासून कंबरेपर्यंत. म्हणजे ताई तुमचं कबड्डीचं शंभर टक्के लागू आहे, डोकं खांदे हात सगळे खोटं बोलतात, कंबर जाईल तिकडेच माणूस जातो.

मग तो निघाला की पहिलं पाऊल पुढे टाकायचं नाही, बाजूला आणि किंचित मागे टाकायचं, छोटं. पाय एकमेकांवरून न्यायचे नाहीत. सिअ‍ॅटलचे कॉर्नर कोच पीट कॅरलच्या काळात हेच करायचे, आधी एक छोटं पाऊल मग बाजूला किक, घाई नाही. त्यांच्यातला रिचर्ड शर्मन काही लीगमधला सगळ्यात वेगवान कॉर्नर नव्हता, पण उंची, लांब हात आणि हा धीर यावर तो खेळला. फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलचा अंतिम सामना) डेन्व्हरचा जो ऑफेन्स (बॉल पुढे नेणारी बाजू) त्या सीझनला ६०६ पॉइंट करून आला होता त्याला त्यांनी आठवर थांबवलं.

हात नेहमी उलट बाजूचा. रिसीव्हर मुलाच्या उजवीकडे निघाला तर उजवी कंबर उघडायची आणि डावा हात त्याच्या छातीवर ठेवायचा. उजवाच हात टाकला तर कंबर अडकते, वळताच येत नाही, दोन्ही हात टाकले तर पाय थांबतात, आणि तुमच्या मुलाचं नेमकं हेच होतंय. जॅम म्हणजे जोरात ढकलणं नाही, हात ठेवून त्याची वाट वाकडी करायची. हात चुकला तर चुकू दे, पाय चालू असले तर अजून काही बिघडलेलं नसतं.

आणि सुटलाच बाहेरून तर? तर घाबरून लगेच मागे वळून बॉल शोधायचा नाही. आधी बघायचं की आपण त्याच्या कंबरेला कंबर लावून आहोत का. असलो तर त्याला साइडलाइनकडे दाबत न्यायचं आणि मग मान वळवायची. एक पाऊल मागे असलो तर मान वळवायची नाही, कारण वळवली की अजून मागे पडतो. तेव्हा त्याच्या हातांवर लक्ष, ते वर आले की त्या हातांच्या मधून आपला हात घालायचा. पास इंटरफिअरन्सचे (पास घेताना अडथळा आणल्याचे) बरेच फ्लॅग मागे पडलेला कॉर्नर घाबरून रिसीव्हरला धरतो तेव्हा पडतात.

प्रतिसाद ४

पुण्यात फ्लॅग फुटबॉल खेळते. आमच्याकडे पाच-पाच जणांचा खेळ, अंगाला हात लावायचा नाही, कंबरेची पट्टी ओढायची, त्यामुळे आम्हाला जे काही करायचं ते पायांनीच. (२०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग आहे, म्हणून आता जरा लोक विचारायला लागलेत.) ताई तुम्हाला अंगणासाठी एक सुचवते. दोन कोन साधारण चार यार्डांवर ठेवा, तुम्ही मध्ये उभ्या राहा, मुलगा समोर, त्याचे हात मागे बांधल्यासारखे, टॉवेल धरायला द्या हवं तर. तुम्ही डावी उजवी करा, फसवा, आणि तीन सेकंदांत त्याच्या बाजूने निघायचा प्रयत्न करा. त्याने फक्त समोर राहायचं. हात नसले की झेपावताच येत नाही, पाय आपोआप शिकतात. कबड्डीवाल्या आहात तर तुमच्यासारखी फसवणारी त्याला दुसरी मिळणार नाही. काही दिवस असं झालं की मग एक हात मोकळा करा, उलट बाजूचा.

थकल्यावर नका घेऊ हे, थकल्यावर चुकीचीच सवय लागते. थोडंच पण ताज्या पायांनी.

प्रतिसाद ५

सगळं बरोबर लिहिलंय वर, पण प्रत्येक रिसीव्हरला प्रेस करायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे आणि ते कोणी लिहिलेलं दिसलं नाही. ऑफेन्सला लाइनच्या मागे चारच माणसं ठेवता येतात, म्हणजे अकरापैकी सात लाइनवर. त्यामुळे एका बाजूचा बाहेरचा रिसीव्हर, ज्याला एक्स म्हणतात, तो बरेचदा लाइनवरच असतो, मोशनमध्ये (स्नॅपच्या वेळी आडवं पळत) जाऊ शकत नाही, त्याला प्रेस करणं सगळ्यात सोपं. दुसऱ्या बाजूचा झेड असतो तो यार्डभर मागे. त्याला तेवढी मोकळी जागा मिळते, तो वेग घेऊन येतो, शिवाय स्नॅपच्या वेळी आडवा पळत असू शकतो. त्याच्यासमोर हात टाकायला गेलात तर हवेतच जाणार. तिथे प्रेस दाखवायची आणि स्नॅपच्या जरा आधी मागे सरकायचं, किंवा सरळ लांबच राहायचं.

उभं राहायच्या आधी तो साइडलाइनपासून किती लांब आहे तेही बघायला शिकवा. मैदानावर रंगवलेल्या आकड्यांच्या बाहेर, साइडलाइनला चिकटून उभा असेल तर बाहेर त्याला जागाच नाही, बहुतेक आत येणार. टॅकलच्या (लाइनवरचा कडेचा धिप्पाड गडी) जवळ आत उभा असेल तर बाहेर सगळं मैदान मोकळं. स्नॅपच्या आधीच निम्मं उत्तर मिळतं.

धागाकर्ती

सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत, खरंच मनापासून धन्यवाद. टॉवेलचा सराव सुरू केलाय. पहिले काही दिवस तो चिडायचा, आता समोर राहायला लागलाय, आणि काल मी आत दाखवून बाहेर निघाले तर हललाच नाही, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. कोचना मदतीबद्दल विचारलं, त्यांनी सगळी कव्हरेज पाटीवर काढून दिली.

आता एक शेवटचं विचारते. पुढच्या आठवड्यात ज्यांच्याशी मॅच आहे ते दोन रिसीव्हर एकामागे एक उभे करतात, पुढचा लाइनवर आणि मागचा त्याच्या पाठीशी. तिथे प्रेस कोणाला करायची? मागचा तर दिसतही नाही धड.

प्रतिसाद ३

ताई, त्याला स्टॅक म्हणतात आणि तो प्रेस मोडायलाच करतात. दोघांनी दोघांना प्रेस करायला जायचं नाही, आपलीच माणसं एकमेकांवर आदळतात आणि एक जण मोकळा सुटतो. सर्वसाधारण पद्धत अशी की एकाने पुढच्याला प्रेस करायची आणि दुसऱ्याने पाच ते सात यार्ड मागे राहायचं. काही कोच पुढच्याला एकाच्याच नावावर देतात, तो कुठेही गेला तरी. काही कोच वाटून देतात, जो आधी बाहेर वळेल तो बाहेरच्या डिफेंडरचा, जो आधी आत वळेल तो आतल्याचा. दोन्ही चालतं, फक्त दोघांनी स्नॅपच्या आधी एकमेकांना मोठ्याने ओरडून सांगायला हवं की आता यातलं कुठलं. तुमच्या कोचची पद्धत कुठली ते सोमवारी विचारून घ्या, आणि मुलगा व त्याच्या बाजूचा सेफ्टी यांनी मिळून ते चालत चालत करून बघावं, पळायची गरज नाही. मागचा बहुतेक पुढच्याच्या आडून उलट दिशेला निघतो, म्हणजे पुढचा आत गेला तर मागचा बाहेर. मागे राहिलेल्याने पुढच्या रिसीव्हरकडे बघतच बसायचं नाही, तो आपल्या जोडीदाराचा आहे.