पुण्यातल्या जुन्या वाड्यात पूर्वी कोण राहत होतं, हे कसं शोधायचं?

पेठांमधले वाडे भराभर पाडले जाताहेत. तिथल्या बिऱ्हाडांची नावं तरी टिपून ठेवायला हवीत. ज्यांनी असा शोध घेतलाय, त्यांनी रीत नेमकी सांगावी.

* * *

आधी सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे नगर भूमापनात त्या मिळकतीला दिलेला क्रमांक, मिळवा. घरपट्टीच्या पावतीवरच्या घरनंबरावर विसंबलात तर उतारा भलत्याच घराचा निघतो. मिळकत पत्रिका, म्हणजे त्या क्रमांकाचा मालकीचा उतारा (प्रॉपर्टी कार्ड), हाती आली की वरच्या मूळ धारकाच्या नावाशी थांबू नका. खालच्या रकान्यांत तारीख, व्यवहार, नवीन धारक असं क्रमानं लिहिलेलं असतं: वारस, खरेदी, बक्षीसपत्र, गहाण. कंसातलं नाव म्हणजे कमी केलेलं नाव. तेही उतरवून घ्या, पुढचा माग त्यावरूनच लागतो.

* * *

पण पत्रिकेत मालक सापडतो, भाडेकरू नाही. मालक एक आणि बिऱ्हाडं दहा, त्यामुळे खरा शोध इथून पुढे. जुन्या मतदार याद्यांत एका घरातले सगळे मतदार, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय मिळतं. दहा वर्षांच्या अंतरानं दोन याद्या शेजारी ठेवा. कोण आलं, कोण गेलं ते लगेच दिसतं. 1989पर्यंत मतदानाचं वय 21 होतं, म्हणून वीस वर्षांचा मुलगा यादीत नाही याचा अर्थ तो त्या घरात नव्हता असा नाही.

भाड्याच्या दाव्यांचे कागद तर फार मोलाचे. 'पहिल्या मजल्यावरील पूर्वेकडील दोन खोल्या', असं चतुःसीमांसकट वर्णन असतं. कुठलं बिऱ्हाड कुठल्या खोलीत, ते त्यातूनच कळतं.

* * *

नदीकाठच्या पेठांत 12 जुलै 1961च्या पानशेत पुरात घरोघरचे कागद गेले. तिथे खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकांकडे मागा. साल माहीत नसेल तर पत्रिकेवरच्या फेरफाराच्या तारखेपासून मागे जा. नोंद व्हायला कधी कधी वर्षं लागलेली असतात.

* * *

पेशवाईतला कागद असेल तर मोडी वाचकाला सालाबद्दल मुद्दाम विचारा. त्या काळच्या कागदांतला सुहूर सन अरबी शब्दांत येतो: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1161. इसवी सन काढायला त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. शकात 78 मिळवतात, तीच सवय इथे लावली की सगळा वंशक्रम पाच शतकं मागे पडतो.

* * *

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडच्या, यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहिलेल्या वह्याही बघा. तिथे आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं. पुण्याच्या पत्त्यावर काही सापडत नाही.